बाबांच्या खुर्चीची बोली

लिलाव संपायला दोन मिनिटं होती आणि वस्तादच्या हातात वस्तरा होता.

आता ह्याला कोण काय करणार? दुकानाचा नियमच तसा. गालावर वस्तरा असताना दुसरं काही करायचं नाही. फोन वाजो, छप्पर पडो, दाराशी राजा येऊन उभा राहो. हा नियम वस्तादच्या बाबांनी घातलेला. वस्ताद बाकी कुठल्याच बाबतीत कुणाचं ऐकत नाही, पण एवढं पाळतो. डोकं म्हणजे तापलेला तवा, हात मात्र थंडगार.

तर वस्ताद गिऱ्हाइकाची हनुवटी धरून उभा आणि नजर तिरकी, पावडरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर. फोनवरचा आकडा बदलला. कुणीतरी त्याच्या वर बोली लावली होती. कोण, ते कळायची सोय नाही. ती साइट बोली लावणाऱ्याचं नाव लपवते, फक्त पहिलं अक्षर, मग तीन चांदण्या आणि शेवटी सातचा आकडा. ह्या चांदणीवाल्याने तीन दिवस वस्तादचा जीव खाल्ला होता. वस्तादने शंभर वाढवले की हा दीडशे वाढवणार.

"थांबलात का हो?" गिऱ्हाईक फेसातून म्हणालं.

"गप बसा. हनुवटी आहे."

शेवटचा हात मारला, वस्तरा धुतला, पुसला, ठेवला आणि फोनवर झडप घातली. लिलाव संपला होता. 'वस्ताद, तुमची बोली दुसऱ्या क्रमांकावर राहिली.'

वस्तादने टॉवेल असा भिरकावला की तो पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला आणि गोल गोल फिरायला लागला. गिऱ्हाईक हसलं नाही. शहाणं होतं.

आता ही वस्तू कसली, ते सांगायला हवं. खुर्ची. लोखंडी पायाची, लाल चामड्याची, पायाने दाबलं की वर चढणारी. बाबांची खुर्ची. वस्ताद आठ वर्षांचा असताना त्याने तिच्यावर गोल गोल फिरून डावा हात मोडला होता. खुर्चीचा, स्वतःचा नाही. ताई तेव्हा बारा वर्षांची. तिने "मी मोडला" म्हणून सांगितलं आणि मार खाल्ला. बाबांनी मग बिस्किटाच्या डब्याचा निळा पत्रा कापून त्या हाताखाली ठोकला आणि त्याच हाताला धरून पुढची जवळजवळ चाळीस वर्षं लोक दाढ्या करून गेले.

आणि नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी खुर्ची अडकली, गिऱ्हाईक अर्ध्यात लटकलं, वस्तादचं डोकं फिरलं, भंगारवाला नेमका समोरून चालला होता, आणि झालं. ताई बाजूच्या दुकानातून आली तेव्हा फरशीवर बोल्टची चार भोकं उरलेली. चार महिने ती त्याच्याशी बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण गिऱ्हाइकांच्या मार्फत. "ह्यांना सांगा, जेवण झाकून ठेवलंय." पुढे अबोला सुटला, पण टोमणा सुटला नाही. पाहुणे आले की, "बसा हो, आमच्या सगळ्या खुर्च्या विकल्या नाहीत अजून." बस चुकली की, "तीसुद्धा विकलीस का?"

म्हणून परवा त्या लिलावाच्या साइटवर जुनी मशीनं बघताना खुर्चीचा फोटो दिसला, त्यात डाव्या हाताखाली निळी कड दिसली, तेव्हा वस्तादला घाम फुटला. त्याने लगेच फोटोखाली जाहीर प्रश्न टाकला: 'डाव्या हाताखाली पत्रा ठोकलाय का? लवकर कळवा. वस्ताद.' आणि खाली दुकानाचा फोन नंबर, ईमेल, सगळं. विकणाऱ्याचं उत्तर आलं: 'हो, ठोकलाय.' झालं, वस्ताद बोलीत उतरला. ताईला कळू द्यायचं नाही, थेट खुर्ची आणून समोर ठेवायची आणि तिचं तोंड कायमचं बंद करायचं.

आणि आता ती कुणा चांदणीवाल्याच्या घरी जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निवृत्त पोस्टमन दाढीला बसले होते. एक दिवसाआड येतात. बोलतात कमी, ऐकतात सगळं. वस्तादने त्यांना कानापर्यंत फेस लावला, आणि ब्रश ठेवतो न ठेवतो तोच फोनवर मेल आला.

'प्रिय ग्राहक, अभिनंदन! प्रथम क्रमांकाच्या बोलीदाराने पैसे भरण्यास नकार दिला आहे. सदर वस्तू आता द्वितीय क्रमांकाचे बोलीदार म्हणून आपणास देण्यात येत आहे. दुपारी बाराच्या आत खालील लिंकवरून पैसे भरावेत, अन्यथा ही संधी पुढील बोलीदारास देण्यात येईल.'

वर साइटचं चिन्ह. खाली खुर्चीचा फोटो, निळ्या कडेसकट.

"हात् तिच्या!" वस्ताद एवढ्या जोरात ओरडला की पोस्टमनच्या मांडीवरचं वर्तमानपत्र खाली पडलं. "काका, पळाला! चांदणीवाला पळाला! भिकारडा, खिशात नाही दमडी आणि निघाला बोली लावायला!"

वस्तरा अजून हातात घेतला नव्हता, त्यामुळे नियम आड येत नव्हता. त्याने लिंक दाबली. ओळखीचं पान उघडलं, तीच निळी पट्टी, तीच लिलावाची हातोडी. नाव मागितलं, त्याने दिलं. पासवर्ड मागितला, दिला. मग कार्डाचा नंबर मागितला, आणि इथे वस्तादचं घोडं अडलं.

कार्ड ताईकडे होतं. दोघांचं घर एक, खातं एक, आणि कार्ड ताईच्या शिलाई मशीनच्या खणात. कारण एकदा गिऱ्हाइकाशी वाद झाल्यावर रागाच्या भरात वस्तादने केस कापायची तीन मशीनं मागवली होती. तिन्ही नुसती गुरगुरायची, केस एकही कापायची नाहीत. तेव्हापासून राग आला की वस्तादला आधी ताईच्या दारातून जावं लागतं, आणि तोवर राग बहुतेक उतरतो.

"काका, दोन मिनिटं," म्हणत तो मधल्या दारातून बाजूच्या दुकानात शिरला.

ताई पडद्याला काठ शिवत होती. तोंडात टाचण्या. ताईच्या तोंडात टाचण्या असल्या की ती अर्धंच बोलते. टाचण्या काढल्या तर समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

"ताई, कार्ड दे."

मशीन थांबलं नाही. "कशाला?"

"काम आहे."

"कसलं?"

"दुकानाचं."

"मागच्या वेळी पण दुकानाचंच होतं. तिन्ही माळ्यावर गुरगुरतायत."

"ताई, चेष्टा नको. बाराच्या आत पैसे भरायचेत."

"कुणाला?"

"आहे एकाला."

मशीन थांबलं. पण ताई वर बघेना. पडद्याची घडी उगाचच सारखी करत बसली. वस्ताद रोज शंभर डोकी बघणारा, कोण कुठे खाजवतं त्यावरून माणूस ओळखणारा. त्याच्या लक्षात आलं, ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात.

"तसंही," ताई म्हणाली, "त्यात आता फार काही नाही."

"म्हणजे? परवा तर होते."

"खर्च झाले."

"कशावर?"

"घराच्या कामाला."

"कसलं काम? नळ गळतोय तो गळतोयच, कडी मोडली ती मोडलीच. कसलं काम?"

"तू तुझं सांगत नाहीस, मी माझं का सांगू?"

"मोठी आहेस म्हणून काय वाटेल ते करशील?"

"लहान आहेस म्हणून काय वाटेल ते मागशील?"

असं दोन मिनिटं चाललं. ह्या दोघांच्या भांडणाची गल्लीला सवय आहे, समोरचा दुकानदार डोकंसुद्धा वर काढत नाही. शेवटी वस्तादचा बांध फुटला. "अगं, बाबांची खुर्ची! बाबांची खुर्ची सापडलीय, लिलावात! काल माझ्या हातची गेली, आणि आज परत आलीय, आणि तू इथे टाचण्या चघळत बसलीस!"

ताईने एक एक करून टाचण्या काढल्या. सहाच्या सहा. उशीला टोचल्या.

"परत आली म्हणजे?"

"जिंकणारा पळाला. पैसे भरायला नको म्हणाला. कुणी फुकट्या होता."

"पैसे भरले नाहीत?"

"नाही."

"फुकट्या?"

"एक नंबरचा."

ताई उभी राहिली. "अरे गाढवा," ती म्हणाली, "काल लिलाव संपल्यावर पाच मिनिटांत भरलेत मी!"

वस्तादने फोनकडे पाहिलं, मग ताईकडे.

"तू?" वस्ताद म्हणाला. "चांदणीवाला तू?"

"कसली चांदणी?"

"अ, तीन चांदण्या, सात! तीन दिवस माझ्या उरावर बसलेली ती तू?"

"आणि शंभर शंभर रुपये वाढवणारा तो किडा तू?" ताई म्हणाली. "मी म्हटलं, हा कोण चिकट माणूस मिळालाय!"

"फोटोखाली माझा प्रश्न होता. नावासकट! फोन नंबरासकट! वाचला नाहीस?"

"मी कशाला खाली जाऊ? मी आकडा बघत होते."

इतर कुणाला इथे हसू आलं असतं. वस्तादला येतच होतं, पण ताईचा चेहरा एकदम उतरला. ती त्याच्या फोनकडे बघत होती. "मग हे असं का लिहिलंय? नकार दिला म्हणून? माझे पैसे पोचले नाहीत का? खुर्ची रद्द केली का त्यांनी माझी?" ताईचा आवाज वस्तादने असा फार कमी वेळा ऐकला होता. वर्षभराचे पडदे होते त्या पैशांत. "दे इकडे, बघू दे, ह्याच्यावर दाबलं की कळेल ना?" आणि तिचं बोट लिंककडे गेलं.

"हात लावू नका!"

मधल्या दारात पोस्टमन उभे होते. गळ्यात टॉवेल, तोंडभर फेस, त्यातून दोन डोळे.

"काका, तुम्ही ऐकत होतात?"

"तुमचं भांडण ऐकायला कान लागतात का? भिंत पुरते." पोस्टमन आत आले. फेस सांभाळत, ओठ न हलवता बोलायला लागले. "चौतीस वर्षं पत्रं वाटली मी. एक गोष्ट शिकलो. पाकिटावर काय छापलंय त्यावर जायचं नाही. शिक्का कुणीही करून घेतो. एका म्हातारीला बँकेचं पत्र आलं होतं. चिन्ह बँकेचं, कागद जाड, भाषा अशी की वाचून माणूस उभा राहावा. आत लिहिलेलं, अमुक जागी येऊन पैसे भरा, नाहीतर खातं बंद. मी म्हटलं, आजी, पत्रातल्या पत्त्यावर जाऊ नका. तुम्ही नेहमी जाता त्या रस्त्याने बँकेत जा, खिडकीवर विचारा."

"मग?"

"मग काय. खिडकीवरच्या माणसाला काही माहीतच नव्हतं."

ताई खुर्चीत टेकली. "आता आमची खिडकी कुठेय काका?"

"तुमच्याच फोनमध्ये. रोज ज्या दाराने साइटवर जाता, त्याच दाराने जा. ह्या पत्राच्या दाराने नाही."

ताईने स्वतःचा फोन काढला, स्वतः साइट उघडली. खुर्चीचा फोटो, खाली तिचं नाव, आणि खाली हिरव्या अक्षरांत: 'पैसे मिळाले.' त्याच्याखाली विकणाऱ्याचा सकाळचा निरोप: 'ताई, खुर्ची बांधायला घेतली. जड आहे, उतरवायला दोन माणसं ठेवा.'

ताईने डोळे मिटून श्वास सोडला.

वस्तादनेही आपल्या फोनवर तसंच केलं. साइटच्या आतल्या निरोपांत दुसऱ्या क्रमांकाला खुर्ची मिळाल्याचं अवाक्षर नव्हतं. शेवटचा निरोप कालचा: 'वस्ताद, तुमची बोली दुसऱ्या क्रमांकावर राहिली.' ते बघून तो म्हणाला, "हे मला वस्ताद म्हणतात. आणि ह्या मेलमध्ये 'प्रिय ग्राहक'. त्याने माझं नावसुद्धा लिहिलं नाही!"

"ईमेल माहीत होता पण," ताई म्हणाली.

"कसा?"

ताईने आपल्या फोनवर खुर्चीच्या फोटोखाली बोट सरकवलं. वस्तादला फोटोखालचा आपला प्रश्न आठवला. दुकानाच्या पाटीसारखा सगळा पत्ता टांगून ठेवला होता त्याने. हरलेल्या माणसाला गाठायचं तर ह्याहून सोपं काय? एकाच्या तोंडचा घास गेलाय, त्याला म्हणायचं, हा घे परत, पण लवकर ये. आणि ते 'लवकर' हीच खरी मेख. विचार करायला वेळ मिळाला की धंदा बुडतो त्यांचा.

"बरं झालं कार्ड माझ्याकडे होतं," ताई म्हणाली. "काही दिलं तर नाहीस ना तिथे?"

वस्ताद पडद्याची घडी सारखी करायला लागला.

"बाळ्या."

छप्पन वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात एकच बाई, आणि ती म्हणाली की खोटं बोलता येत नाही. "पासवर्ड," तो म्हणाला.

"अरे देवा. आणि बँकेचा?"

"तोच आहे."

मग जी धावपळ झाली ती काय सांगायची! साइटवर जाऊन पाहतात तर वस्तादच्या नावाने एक नवी जाहिरात चढलेली. 'नवाकोरा मोबाइल, अर्ध्या किमतीत. विक्रेता: वस्ताद.' वस्तादचा चेहरा फेसासारखा पांढरा पडला. पैशापेक्षा हे त्याला लागलं. त्याच साइटवर त्याने जुनी आठ मशीनं विकली होती आणि आठही लोकांनी खाली लिहिलं होतं, माणूस खरा आहे. उद्या त्या नावाला भुलून कुणी पैसे भरले तर?

"रडत बसू नकोस, बदल आधी," ताई म्हणाली. तिने कात्री नाचवत त्याला नवा पासवर्ड सुचवला. पासवर्ड बदलला. सगळ्या फोनमधून बाहेर पडायचं बटण शोधून दाबलं. मदतीचा नंबर मेलमधला नाही, साइटवरचा घेतला. तिकडची मुलगी शांत होती. म्हणाली, "काका, जाहिरात काढली, अजून कुणी पैसे भरलेले नाहीत. तो मेल आम्हाला जसाच्या तसा पाठवा. आणि एक लक्षात ठेवा, साइटच्या बाहेर पैसे भरा असं आम्ही कधीच सांगत नाही." मग बँकेचा पासवर्ड. तो वेगळा. मग ईमेलचा. तोही वेगळा.

अकरा वाजून गेले होते. तेवढ्यात पुन्हा मेल. 'प्रिय ग्राहक, आपली संधी संपत आली आहे.'

वस्तादचा तवा तापला. "थांब, ह्याला लिहितोच. ह्याच्या सात पिढ्यांची..."

"काही लिहायचं नाही," पोस्टमन म्हणाले. "उत्तर दिलं की त्याला कळतं, घरात माणूस आहे."

"पण काका, एकच शिवी!"

ताईने फोन काढून घेतला आणि खणात टाकला, कार्डाच्या शेजारी. वस्ताद दोन मिनिटं फुरफुरला. मग त्याचं लक्ष पोस्टमनकडे गेलं. त्यांच्या तोंडावरचा फेस सुकून भिंतीच्या पोपड्यांसारखा सुटत होता.

"माझ्या दाढीचं काय?" ते म्हणाले. "की ती पण दुसऱ्या क्रमांकाला द्यायची?"

तेव्हा कुठे ताई हसली. हसता हसता तिला ठसका लागला. वस्तादही हसायला लागला, आणि मग दोघांना आवरेना.

"म्हणजे तीन दिवस मी तुझ्याशी भांडत होतो," वस्ताद म्हणाला.

"मग त्यात नवीन काय?"

"अगं, तिप्पट किमतीला घेतली आपण. आपणच वाढवली!"

"तू वाढवलीस. मी शांतपणे घेत होते."

"पण कशाला घेत होतीस? तुला कुठे दाढी करायचीय?"

ताईने पडद्याचा काठ पुन्हा सुईखाली घेतला. "ती चार भोकं आहेत ना तुझ्या फरशीत. तू झाडताना तेवढीच जागा वळसा घालून जातोस. नऊ वर्षं बघतेय."

वस्तादने मधल्या दारातून आपल्या फरशीकडे पाहिलं. त्याच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. "मी तर तुझे टोमणे बंद व्हावेत म्हणून घेत होतो," तो म्हणाला.

"एका खुर्चीत?" ताई म्हणाली. "सोफासेट लागेल."

खुर्ची चौथ्या दिवशी आली. दोन माणसांनी उतरवली, तिसरा नुसता सूचना देत होता. चामडं फाटलं होतं, गादी बसली होती. ताईने दोन दुपारी बसून नवं लाल कव्हर शिवलं. वस्तादने गंज खरवडला, तेल घातलं, बोल्ट पिळले.

मग प्रश्न आला, पहिलं कोण बसणार. पोस्टमनची दावेदारी होती, पण वस्ताद म्हणाला, "ताई, तू बस."

"मी? बाबा बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाची खुर्ची."

"मग गिऱ्हाईक हो. केस कापतो."

"माझे? तू? कधी कापलेस?"

"म्हणूनच."

कुरकुर करत ताई बसली. वस्तादने तिच्या गळ्याभोवती स्वच्छ कापड बांधलं आणि अंबाडा सोडायला घेतला. अंबाडा वाकडा होता, डावीकडे कलंडलेला. पिनाही सगळ्या खालीच खोचलेल्या, वर एक नाही. वस्तादने आरशात पाहिलं. "ताई, हात वर कर बघू."

"कशाला?"

"कर."

तिने केला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

"कधीपासून?"

"झाले सहा महिने. मशीनवर बसून बसून. तू नको लक्ष देऊ, काप तुझं."

रोज शंभर डोकी बघणारा माणूस, आणि हे एक डोकं रोज शेजारी, वाकडा अंबाडा घेऊन. सोमवारी डॉक्टरकडे न्यायचं, एवढं मनात ठरवलं. ओरडाओरडा होणार हेही ठरलेलंच. मग त्याने कंगवा ओला केला.

"किती काढू?"

"दोन बोटं."

त्याने कात्री उचलली आणि फार सावकाश कापायला लागला. करड्या बटा कापडावर पडत गेल्या. ताईचे डोळे मिटले. मध्येच दारात एक गिऱ्हाईक आलं, वस्तादने नुसतीच मान हलवली, तसं ते बाकावर बसून राहिलं.

झाल्यावर त्याने छोटा आरसा मागे धरला. केस खांद्यावर टेकत होते. एका हाताने, खालच्या खाली विंचरता येतील एवढेच.

ताईने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "मी दोन बोटं म्हटलं होतं."

"दोनच काढलीत."

"कुणाची रे? राक्षसाची?"

"वर बघू नकोस, मान हलवू नकोस. कानाजवळचं राहिलंय."

तिने मान त्याच्या हातात सैल सोडून दिली.